पेलेट शेगडी पेटत नाही : वाचकांचे प्रश्न

थंडीची चाहूल लागली, की या सदराच्या टपालात पंप आणि पाण्याच्या टाक्या मागे पडतात आणि शेगड्यांची पत्रे वर येतात. या वेळी पेलेटवर चालणाऱ्या शेगडीविषयी आलेली पाच पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण तक्रार बहुतेकांनी ‘पेटत नाही’ या दोन शब्दांत मांडली असली, तरी प्रत्येकाचे दुखणे निराळे आहे. ज्यांना हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्यासाठी एवढेच, की पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातला काडीकचरा मोठ्या दाबाखाली दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. (नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत हा शब्द जपून उच्चारावा लागतो, नाहीतर दुकानदार फोर्कलिफ्टखाली सरकवायचे लाकडी पॅलेट दाखवतो.)

प्रश्न : आमचे घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेतच आहे. मळ्यावर येणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत आम्ही दोन वर्षांपूर्वी युरोपात तयार झालेली पेलेट शेगडी बसवली. पहिला हिवाळा उत्तम गेला. यंदा मात्र बटण दाबल्यावर पंखा सुरू होतो, पेलेट पडतात, पांढरा धूर दिसतो, पण ज्योत येत नाही आणि वीसेक मिनिटांनी अलार्म वाजून शेगडी बंद पडते. मिस्त्रींच्या सांगण्यावरून पेटवणारा हीटर बदलला, तरी फरक पडला नाही. एकदा मुलाने आत थोडे रॉकेल ओतून काडी लावली, तेव्हा ‘भप्प’ असा आवाज होऊन दाराची काच हादरली. पेलेट ऑगस्टमध्ये घेतलेले असून शेडमध्ये ठेवलेले आहेत. नवल म्हणजे दुपारी सहज म्हणून लावून पाहिली, तर कधी कधी पेटते. — एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : सर्वांत आधी रॉकेलविषयी, कारण बाकीचे उत्तर उद्या वाचले तरी चालेल. आपण ज्याला पांढरा धूर म्हणता, त्यात वाफेबरोबर तापलेल्या लाकडातून सुटलेले पण न जळलेले वायू असतात. पेलेट वीस मिनिटे नुसते धुमसत राहिले, की हे वायू जळणाच्या कक्षात साठतात आणि ज्योत मिळताच सगळे एकदम पेट घेतात. काच हादरली ती मुख्यतः या वायूंमुळे. रॉकेलने त्यात आपली भर घातली. पेटवण्याचा एक प्रयत्न फसला, तर शेगडी पूर्ण गार होऊ द्यावी, पेलेट ज्यात पडतात ते छिद्रांचे भांडे, म्हणजे पॉट, रिकामे करावे आणि मगच पुन्हा बटण दाबावे. लागोपाठ तीनदा बटण दाबणाऱ्यांच्या पॉटमध्ये पेलेटचा ढीग साचतो आणि हवेची छिद्रे त्याखाली गाडली जातात. बाहेर काढलेले काळवंडलेले पेलेट पुन्हा साठ्याच्या पेटीत टाकू नयेत; त्यांच्यात एखादा निखारा दडलेला असेल तर तो सगळ्या साठ्यात जाईल.

आता दुरुस्तीकडे वळू. आपल्याकडे पाना आधी उचलला जातो आणि शेगडीकडे पाहणे नंतर होते. मी उलट सांगेन. एका संध्याकाळी शेगडीसमोर खुर्ची टाकून, हातात घड्याळ आणि कागद घेऊन पहिली पंधरा मिनिटे नुसते बसावे. शेगडीचा क्रम ठरलेला असतो. आधी धूर ओढणारा पंखा फिरतो, मग पेटीतले पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू फिरून थोडे पेलेट पॉटमध्ये पडतात, त्याच सुमारास हीटर तापू लागतो, त्याच्यावरून गेलेली गरम हवा एका छिद्रातून पेलेटवर येते, आधी धूर आणि साधारण पाच ते दहा मिनिटांत ज्योत दिसते. ज्योत आल्याचे सेन्सरने ओळखले, की हीटर बंद होतो आणि शेगडी नेहमीच्या चालीला लागते. हा क्रम कोणत्या मिनिटाला अडला हे टिपून ठेवले, की अर्धे निदान तिथेच होते.

आपल्या पत्रात ते बऱ्याच अंशी आलेलेच आहे. पेलेट पडतात, म्हणजे स्क्रू, त्याची मोटर आणि प्रेशर स्विच (धुराचा मार्ग मोकळा असेल तरच पेलेट सोडू देणारा) ठीक आहेत. धूर येतो, म्हणजे हीटर मेलेला नव्हता. मेलेल्या हीटरवर पेलेट थंडगार पडून राहतात, त्यांतून धूर निघत नाही. त्यामुळे नव्या हीटरवरचा खर्च, स्पष्टच सांगायचे तर, वाया गेला. पेलेट धुमसण्याइतके तापतात पण पेटण्याइतके तापत नाहीत, याची कारणे तीनच संभवतात : उष्णता कमी पडते, हवा कमी पडते किंवा पेलेट ओले आहेत. यांतले पहिले कारण आपण नकळत शेवटच्या वाक्यात लिहिले आहे. दुपारी पेटते आणि संध्याकाळी पेटत नाही, ही खूण दाबाची, म्हणजे व्होल्टेजची.

या शेगड्यांतले हीटर बहुधा ३०० वॉटच्या आसपास असतात, पण तो आकडा २३० व्होल्टवरचा असतो. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून व्होल्टेज १८० वर आले, की ३०० वॉटचा हीटर जेमतेम १८५ वॉट देतो. व्होल्टेज सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरले आणि उष्णता मात्र पाचातले जवळजवळ दोन हिस्से गेली. मळ्यातली घरे डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांब असतात आणि संध्याकाळी सगळ्या वस्तीवर दिवे, मोटारी, पाणी तापवण्याचे रॉड एकदमच लागतात, तेव्हा बल्ब पिवळा पडलेला आपणही पाहिला असेल. शेगडीचा पंखा आणि तिला चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी तेवढ्या व्होल्टेजवरही चालतात, त्यामुळे यंत्र धडधाकट दिसते. उपाशी राहतो तो फक्त हीटर.

वायरमनकडून हे मोजून घ्यावे, पण केव्हा मोजायचे ते त्याला सांगावे : संध्याकाळी सातच्या सुमारास, शेगडीच्याच प्लगवर, एकदा बटण दाबण्याआधी आणि एकदा हीटर लागल्यावर. दोन्ही वेळा आकडा १८०-१९० च्या घरात असेल, तर लाइनच कमी आहे. अशा वेळी कमी व्होल्टेज उचलून देणारा १ केव्हीएचा स्टॅबिलायझर शेगडीपुरता पुरेसा होतो. आधी २२० असून हीटर लागताच आकडा वीस व्होल्टने कोसळत असेल, तर दोष आपल्या वायरिंगमध्ये आहे, कारण ३०० वॉटचा हीटर जेमतेम सव्वा अँपिअर घेतो आणि तेवढ्याने चांगल्या वायरीवर काही जाणवू नये. सैल सॉकेट किंवा जळालेला जोड शोधावा. शेगडी इन्व्हर्टरवर असेल, तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे ना, हे पाहावे. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर या शेगड्यांच्या इलेक्ट्रॉनिक पाट्या गोंधळतात.

मात्र व्होल्टेज सुधारले आणि काम संपले, असे समजू नये. ऑगस्टमध्ये घेतलेल्या पेलेटनी आपल्याकडचा अर्धा पावसाळा शेडमध्ये काढला आहे. चांगल्या पेलेटमध्ये पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंतच असते. असा पेलेट चकचकीत असतो आणि मोडताना ‘कट्’ असा आवाज करतो. ओल धरलेला पेलेट फुगतो, त्याची चमक जाते आणि तो चिमटीत भुसभुशीत होतो. नक्की आकडा हवा असेल तर १०० ग्रॅम पेलेट स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावेत. जितके ग्रॅम वजन घटले, तितके टक्के पाणी. घट १२-१३ ग्रॅमच्या पुढे गेली, तर पूर्ण व्होल्टेजवरही हीटरची बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाईल. एकदा फुगलेले पेलेट उन्हात वाळवून पूर्ववत होत नाहीत, त्यांचा भुगा होतो, आणि भुगा स्क्रूच्या नळीत घट्ट बसतो. नवे पेलेट घ्याल तेव्हा पोती कोब्यावर ठेवू नयेत. इथे मात्र फोर्कलिफ्टचे पॅलेट खरोखर उपयोगी पडते. त्यावर पोती रचावीत आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे.

राहिली हवा. पॉट बाहेर काढून उजेडासमोर धरला, तर प्रत्येक छिद्रातून उजेड दिसला पाहिजे. भुईमुगाची टरफले किंवा उसाचे चिपाड मिसळलेल्या पेलेटची राख लाकडी भुशाच्या पेलेटपेक्षा कितीतरी जास्त असते, शिवाय ती लवकर वितळते आणि वीटभट्टीतल्या खंगर विटेसारखा तिचा काचेरी थर छिद्रांच्या तोंडाशी जमतो. युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या पेलेटमध्ये राख फार तर ०.७ टक्का चालते, आणि आपली शेगडी तशा पेलेटसाठी बनलेली आहे, हे विसरून चालणार नाही. सायकलच्या स्पोकने एकेक छिद्र मोकळे करावे, हीटरसमोरचे छिद्र तर आवर्जून. आणि पॉट परत बसवताना त्याच्या खालच्या कडेवरची राख पुसून घ्यावी. हे फार क्षुल्लक वाटते. पण राखेच्या एका खड्यामुळे पॉट एका बाजूने तांदळाच्या दाण्याएवढा उचललेला राहिला, तरी हवा छिद्रांतून वर न येता त्या फटीतून निसटते. ‘कालच साफ केली आणि आज पेटेना’ अशा तक्रारींत मला हाच दोष सर्वांत जास्त वेळा सापडला आहे.

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या बंगल्यातली शेगडी मार्चनंतर थेट डिसेंबरमध्ये लावली. पंखा फिरतो, पण पेलेट पडतच नाहीत. पेटी भरलेली आहे. स्क्रूची मोटर जळाली असावी का? — एक निवृत्त प्राध्यापिका

उत्तर : जळालेली असू शकते, पण तो शेवटचा संशय ठेवावा. धूर बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा आहे, अशी खात्री पटल्याशिवाय या शेगड्या पेलेट सोडत नाहीत. ती खात्री प्रेशर स्विच देतो. पंख्यामुळे आत जो किंचित ओढा तयार होतो, तो एका बारीक रबरी नळीतून या स्विचपर्यंत पोचतो. दार नीट लागलेले नसणे, दार घट्ट बसावे म्हणून कडेला लावलेली दोरी दबून गेलेली असणे, धुराड्यात काजळी साचणे किंवा ही नळीच तुंबणे, यांपैकी काहीही झाले, की स्विच स्क्रूला वीज मिळू देत नाही. यात शेगडी बिघडलेली नसते, ती आपले कर्तव्य करत असते; म्हणून हा स्विच ‘डायरेक्ट’ करून देण्याची तयारी दाखवणाऱ्या मिस्त्रींना चहा पाजून परत पाठवावे.

दार तपासण्यासाठी दहा रुपयांची नोट कडेत धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती सहज निघाली, तर तिथली दोरी बदलायला आली आहे. पण आपली शेगडी आठ-नऊ महिने बंद होती, त्यामुळे माझा पहिला संशय कुंभारमाशीवर आहे. गेल्या वर्षी अशाच एका बंद शेगडीच्या मागच्या हवेच्या नळीत मी बोट घातले, तेव्हा नखाला ओली वाटावी इतकी गुळगुळीत मातीची भिंत लागली. स्क्रूड्रायव्हरने ती फोडल्यावर एकामागून एक तीन कप्पे निघाले आणि प्रत्येकात पिलांसाठी साठवलेले कोळी वाळून पडलेले होते. नळी झटकून परत बसवली आणि चौथ्या मिनिटाला पेलेट पडले. मिस्त्रींनी मात्र त्याआधी मोटरचा भाव काढून ठेवला होता. आपणही शेगडीचा प्लग काढून आधी ती हवेची नळी, मग बाहेरच्या धुराड्याचे तोंड आणि शेवटी स्विचची रबरी नळी पाहावी. पुढल्या उन्हाळ्यात नळीच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवावी, म्हणजे कुंभारमाशीला दुसरीकडे जागा शोधावी लागेल. हिवाळ्यात ती जाळी काजळी-धुळीने भरत नाही ना, यावर नजर ठेवावी.

प्रश्न : पंचवटीत आमचे मिसळीचे दुकान आहे. सिलिंडरऐवजी पेलेटचा बर्नर घेतला. त्याला हीटर नाही, ब्लोअर आहे. पहाटे पाचला मुले डिझेलचा बोळा टाकून पेटवतात. जाळ येतो, विझतो, पुन्हा धूर. तर्रीला उकळी येईपर्यंत सहा वाजतात. — एक दुकानदार

उत्तर : मुले ब्लोअर पूर्ण सोडून पेटवत असणार. चुलीवर फुंकर घालणाऱ्या आजीलाही ठाऊक होते, की जाळ धरेपर्यंत फुंकर हळू घालायची. मोठा वारा बाळज्योतीला ऊब देण्याआधीच गार करतो. आदल्या रात्रीची राख आणि खंगर काढून खालची छिद्रे मोकळी करावीत. मग पॉटमध्ये फक्त दोन मुठी पेलेट घ्यावेत, त्यांच्यावर नारळाची शेंडी आणि कापराच्या चार वड्या ठेवून ब्लोअर बंद असताना पेटवावे. शेंडीने पेट घेतला, की ब्लोअर सर्वांत कमी वेगावर सुरू करावा. पेलेटच्या कडा लाल झाल्या, की थोडे पेलेट आणि थोडा वारा अशी दोन्ही हळूहळू वाढवावीत. दहा-बारा मिनिटांत पातेले चढवता येईल. डिझेल, पेट्रोल, थिनर पूर्ण बंद. विशेषतः विझल्यासारख्या दिसणाऱ्या गरम पॉटमध्ये द्रव इंधन ओतले, की त्याची वाफ होते आणि जाळ थेट ओतणाऱ्याच्या हाताकडे येतो.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण सांगतो. पहाटे शटर अर्धे ओढून आत धुमसता बर्नर ठेवणे धोक्याचे आहे. अर्धवट जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि डोके दुखू लागले तरी मुले ते जागरणामुळे आहे असे समजतात. शटर पूर्ण वर, वरचा एक्झॉस्ट चालू, मगच काडी.

प्रश्न : इगतपुरीत आमच्या छोट्या होम-स्टेमधली शेगडी सुरू केल्यावर मिनिटभराने घरचे ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारे स्विच) पडते. हीटरचा प्लग काढून ठेवला, तर पडत नाही. — एक वाचक

उत्तर : निदान आपणच केले आहे. हीटरच्या धातूच्या नळीत तारेभोवती जी पांढरी पूड भरलेली असते, ती हवेतली ओल शोषते, आणि इगतपुरीच्या पावसाळ्यात तिला ओल कमी पडत नाही. ओल धरलेल्या पुडीतून वीज नळीच्या अंगावर झिरपते आणि ईएलसीबी ती ओळखते. साध्या मल्टीमीटरवर हा दोष पुष्कळदा दिसत नाही. वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीजगळती तपासण्याच्या मीटरने, तपासावे, रोध एक मेगओहमच्या वर असला पाहिजे. हीटर सुटा काढून ओव्हनमध्ये १२० अंशांवर काही तास वाळवला, तर तो अनेकदा सुधारतो. नाही सुधारला तर बदलावा. अर्थिंगची वायर तोडून ‘काम चालवणे’ म्हणजे शेगडीच्या लोखंडी अंगावर वीज सोडणे होय. पुढच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा शेगडी तासभर चालवत जावी.

प्रश्न : एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीत आमच्या बागेतून ट्रॉल्या भरून काड्या निघतात. त्यांचे पेलेट करून घरच्या शेगडीत जाळता येतील का? — दिंडोरी तालुक्यातील एक शेतकरी

उत्तर : जाळता येतील, पण आपोआप पेटणाऱ्या घरगुती शेगडीत नव्हे. ताज्या काडीच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते, म्हणून ती मोडताना वाजेल इतकी वाळल्याशिवाय यंत्रात घालण्यात अर्थ नाही. काड्या बारीक असल्याने त्यांत सालीचे प्रमाण जास्त, सालीमुळे राख जास्त आणि राखेत पालाश (पोटॅश) असल्याने खंगर लवकर धरतो. निफाडच्या पत्राच्या उत्तरात छिद्रे तुंबण्याविषयी जे लिहिले आहे, ते आपल्याकडे चार दिवसांत घडेल. वरच्या मिसळीच्या दुकानासारखा, हाताने पेटवायचा आणि रोज राख काढता येणारा बर्नर असेल, तर हेच पेलेट चालतील. सुरुवातीला एक भाग काडीला तीन भाग सुतारकामाचा भुसा, असे मिश्रण करून पाहावे. भुसा प्लायवूडचा नको, साध्या लाकडाचा हवा. आपण बागेवर बोर्डो फवारत असाल, तर मोरचुदातले तांबे काडीच्या सालीवर राहते आणि जळाल्यावर राखेत एकवटते, त्यामुळे ही राख परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकू नये. आणि ती कुठेही टाकण्याआधी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दोन दिवस ठेवावी, कारण वरून पांढरी पडलेल्या राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो.